सोमवार की शनिवार? : भिवंडीतून सार्वजनिक आरोग्य शिकवू पाहणाऱ्यांसाठी

सुताच्या धुळीने होणाऱ्या बायसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराची एक खूण वैद्यकीय विद्यार्थी हमखास पाठ करतात. आठवड्याची सुट्टी संपवून कामगार कामावर आला की पहिल्या दिवशी त्याची छाती आवळल्यासारखी होते. याला 'मंडे फीव्हर' असंही नाव पडलं, कारण ज्या लँकेशायरमध्ये हा आजार बारकाईने नोंदवला गेला तिथल्या गिरण्या रविवारी बंद असत. आता तीच प्रश्नावली घेऊन भिवंडीतल्या अशा एखाद्या यंत्रमाग कारखान्यात जा, जिथे सुट्टी शुक्रवारी असते. "सोमवारी छाती जड होते का?" असं विचारलं की कामगार खरं तेच सांगणार, की नाही. विद्यार्थी 'नाही'च्या चौकोनात खूण करून पुढच्या मागावर जाईल. त्या माणसाची छाती शनिवारी जड होत असेल, तर ते कुणाच्याही कागदावर येणार नाही.

गोष्ट इथेच संपत नाही. विणकामाच्या खात्यात पिंजण आणि कताईपेक्षा धूळ कमी असते. शिवाय आज कित्येक मागांवर सुती नव्हे, सिंथेटिक धागा चालतो, आणि बायसिनोसिस हा कापसासारख्या वनस्पतीजन्य तंतूंचा आजार. म्हणजे "कोणत्या सुतावर काम करता, आणि आधी कुठे करत होता?" हा प्रश्न छातीच्या प्रश्नाच्या आधी यायला हवा. हे विद्यार्थ्याला कोण सांगणार? ज्याने किंवा जिने कारखान्यात उभं राहून एक अख्खी पाळी बघितली आहे, तेच.

सार्वजनिक आरोग्य शिकवण्याचं करिअर म्हटलं की आपल्याकडे लगेच पदव्या, पात्रता, पगार आणि बढती यांची चर्चा सुरू होते. तीही करू, करायलाच हवी. पण या विषयाच्या शिक्षकाचं भांडवल वेगळं असतं. स्वतःला आतून-बाहेरून माहीत असलेला एखादा मुलूख, हे ते भांडवल. आमच्या धंद्यात त्याला 'फील्ड' म्हणतात. भिवंडीत वाढलेल्या मुलामुलींना हे भांडवल जन्मतः मिळालेलं असतं, आणि शिकून बाहेर पडताना बहुतेकजण तेच पहिल्यांदा टाकून देतात.

आधी दरवाजे कुठे कुठे आहेत ते पाहू, कारण यात सर्वांत जास्त फसगत होते.

एमबीबीएस झालेल्यांचा रस्ता सरळ आहे. कम्युनिटी मेडिसिनमध्ये (जुने लोक अजून 'पीएसएम' म्हणतात) एमडी किंवा डीएनबी, मग सीनियर रेसिडेंट, सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. बढतीसाठी ठरावीक वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त सूचीतल्या नियतकालिकांत शोधनिबंध, वैद्यकीय अध्यापनतंत्राचं प्रशिक्षण आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेमार्फत चालणारा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग हे नियम अधूनमधून बदलतो. वरिष्ठांच्या सांगण्यावर विसंबू नका, ताजं राजपत्र स्वतः वाचा. जागांचं म्हणाल तर ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच वेळी दहा नवीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यातलं एक आपल्या ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला आहे. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून होतंच. प्रत्येक ठिकाणी हा विभाग असावाच लागतो, आणि नव्या महाविद्यालयात विभाग शून्यापासून उभा करावा लागतो. ज्याला नेतृत्व शिकायचं आहे त्याने जुन्या, भरल्या घरापेक्षा असं रिकामं घर निवडावं, असं माझं मत आहे.

भिवंडीत एमबीबीएसपेक्षा बीयूएमएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस आणि नर्सिंगची मुलं जास्त भेटतात. त्यांच्यापैकी अनेकजण एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) केलं की वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होता येईल या समजुतीत असतात. तसं होत नाही. त्या विभागातल्या प्राध्यापकपदाची वाट एमबीबीएसवरूनच जाते. पण तुमच्या स्वतःच्या शाखेत हाच विषय वेगळ्या नावाने बसलेला आहे, हे कुणी सांगत नाही. आयुर्वेदात स्वस्थवृत्त, युनानीत तहफ्फुज़ी व समाजी तिब, दंतवैद्यकात पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री, नर्सिंगमध्ये कम्युनिटी हेल्थ नर्सिंग. या सर्वांत पदव्युत्तर शिक्षण आहे आणि पुढे अध्यापनाची पदं आहेत. होमिओपॅथीतही कम्युनिटी मेडिसिन शिकवावं लागतंच. एखाद्या बीयूएमएस मुलीने गर्दीच्या विषयामागे न धावता तहफ्फुज़ी व समाजी तिब घेतलं, तर दहा वर्षांनी तिच्या विभागात ती पाहुणी नसेल, यजमान असेल.

बीएनएन महाविद्यालयातून किंवा जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयातून विज्ञान, वाणिज्य, कला शाखेची पदवी घेणाऱ्यांसाठीही वाट आहे. ती जरा लांबून जाते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाची आरोग्यविज्ञान शाखा, दिल्लीत जेएनयूचं सामाजिक वैद्यक केंद्र ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. पदव्युत्तर पदवी, मग नेट (त्यात 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ' असा स्वतंत्र विषय आहे), मग पीएचडी. संख्याशास्त्र किंवा समाजकार्य केलेल्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालयांच्या विभागातही पदं असतात. वैद्यकीय समाजसेवक हे त्यांपैकी एक. कागदावर ते पद खालचं वाटेल. पण चांगला समाजसेवक असलेला विभाग आणि नसलेला विभाग यांतला फरक वस्तीत गेल्यावर पाच मिनिटांत कळतो.

पदव्यांचं एवढं पुरे. आता मुलखाकडे वळू.

2011 च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या सुमारे 7 लाख 9 हजार होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र भिवंडी कुठेच दिसत नाही. ते आकडे जिल्ह्यापर्यंतच येतात, त्यामुळे शांतीनगर, गायबीनगर आणि ठाण्याचा घोडबंदर रस्ता यांची एकच सरासरी होते. त्यात आणखी एक खड्डा आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. चौथ्या सर्वेक्षणातला ठाणे जिल्हा (2015-16) अखंड होता, आणि पाचव्यात (2019-21) पालघर स्वतंत्र आला. हे न बघता दोन सर्वेक्षणांतल्या 'ठाण्या'ची तुलना करून "सुधारणा झाली" असं लिहिणारे प्रबंध सापडू शकतात. सुधारणा झाली असेलही, पण त्यातली किती फक्त जव्हार-मोखाडा दुसऱ्या रकान्यात गेल्याने झाली? भिवंडीचा विद्यार्थी हा प्रश्न विचारू शकतो. वर्गात असा प्रश्न विचारायला लावणं हेच या विषयाचं अध्यापन.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं आपली मानायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्या आरोग्यावर नजर ठेवायची. कल्पना उत्तम आहे. पण भिवंडीतला मागावरचा परप्रांतीय कामगार अनेकदा कुटुंबात राहतच नाही. एका खोलीत आठ-दहाजण असतात. दिवसपाळीवाला उठतो त्या जागेवर रातपाळीवाला आडवा होतो. जेवण भिस्सीत, म्हणजे कामगारांच्या सामायिक खानावळीत. ज्याच्याबरोबर तो श्वास घेतो, जेवतो, खोकतो ती माणसं शिधापत्रिकेवर नाहीत. त्यांच्यातल्या एकाला क्षय झाला तर कुटुंबीयांची तपासणी म्हणजे नेमकी कुणाची? बायको आझमगडला किंवा करीमनगरला असते. संपर्क शोधायचा तर भिस्सीची वही, खोलीचा भाडेकरू-म्होरक्या आणि कारखान्याचा मुकादम ही तीन दारं ठोठावावी लागतात. इथला शिक्षक विद्यार्थ्यांना कुटुंबाच्या जोडीला एखादी खोली किंवा भिस्सी दत्तक देईल, तेव्हा त्याने खरं तर अभ्यासक्रमच लिहिलेला असेल. हे काम दिल्लीहून होणार नाही.

आणि भिवंडी म्हणजे फक्त शहर नव्हे. पडघा, वज्रेश्वरीच्या बाजूला आदिवासी पाडे आहेत. दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात, आणि गावच्या आशाताईच्या यादीतली पोरं भट्टीवर जातात. ती भट्टीजवळच्या आशाताईच्या यादीत नसतात. मानकोली, राहनाळच्या गोदामांत रात्रंदिवस माल हलवणारी तरुण मुलं आहेत. त्यांच्या पाठीचं, झोपेचं, रस्त्यावरच्या अपघातांचं काय, हा प्रश्न घेणारा अजून मिळायचाय. प्रबंधाला विषय मिळत नाही असं म्हणणाऱ्याला मी मानकोली नाक्यावर तासभर उभं करेन.

विषय लहान असला की जग लक्ष देत नाही, ही भीती काढून टाका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापल्या गेलेल्या या निबंधाने खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण ही समजूत जगभर मोडली. दहा वर्षांनी, 1999 मध्ये, त्याच जिल्ह्यातल्या 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगाचा निबंध आला, आणि ती पद्धत पुढे आशांच्या कामाचा भाग झाली. दोघंही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले होते. तिथे पद्धत मिळाली, प्रश्न मात्र गडचिरोलीने दिला.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातही हे घडलं आहे. कासा (आता पालघर जिल्ह्यात) इथे 1970 च्या दशकात डॉ. पी. एम. शाह यांच्या प्रकल्पात गावातल्याच, थोडं शिकलेल्या कार्यकर्त्यांना बाळांची वजनं घ्यायला, धोक्यातलं मूल ओळखायला शिकवलं गेलं. त्याच दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि पुढे त्याच बायका परदेशातून आलेल्या डॉक्टरांना शिकवू लागल्या. शिकवण्याची संधी मिळायला प्राध्यापकाची खुर्ची लागते, हा गैरसमज जामखेडने पन्नास वर्षांपूर्वीच मोडून काढला.

म्हणून आजपासून शिकवायला लागा. तुम्ही इंटर्न असाल, समुदाय आरोग्य अधिकारी असाल, परिचारिका असाल, तुमच्या केंद्रावर आशांची बैठक होते. तिथे वीस मिनिटं मागून घ्या. लसीकरणाची टक्केवारी कशी काढतात, छेदात कोण धरायचं, एवढा एकच विषय घ्या. 2022 च्या अखेरीस मुंबई, मालेगावबरोबर भिवंडीत गोवर पसरला होता. अशा साथीत हा छेदच घात करू शकतो. यादीतल्या मुलांचं लसीकरण बऱ्यापैकी दिसतं, आणि यादीत नसलेली मुलं आजारी पडतात. गोवर थांबवायचा तर दोन्ही डोस सुमारे 95 टक्के मुलांपर्यंत पोचावे लागतात. पण 95 टक्के कुणाचे, हे घरोघर मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आशांना हे समजावता आलं तर एमपीएचचा वर्ग तुम्हाला सोपा जाईल. उलटं नेहमी खरं नसतं.

नोंदी ठेवायची सवय लावा, पण एक पथ्य पाळा. लोकांची माहिती संशोधनासाठी गोळा करायची असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्यायची असते. काम उरकून मग मंजुरी शोधणारे हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचे निबंध कपाटात राहिले. तुमची संस्था लहान असेल, समिती नसेल, तर मोठ्या महाविद्यालयातल्या एखाद्या शिक्षकाला सोबत घ्या. एमबीबीएस, बीडीएसच्या विद्यार्थ्यांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना आहे. दोन महिन्यांचं काम असतं, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते उपयोगी पडतं. निबंध छापायला पैसे मागून आठवड्यात 'स्वीकारला' असं कळवणाऱ्या नियतकालिकांपासून मात्र लांब राहा. एकदा तुमच्या नावावर असा कागद चढला की तो पुसता येत नाही, आणि निवड समितीतले लोक तेवढे भोळे नसतात.

कुटुंबाशी बोलणं हाही या करिअरचा भागच आहे, आणि भिवंडीत तो अवघड आहे. "डॉक्टर होऊन दवाखाना टाकत नाहीस? मग पेशंट कोण?" हे अब्बूंनी किंवा बाबांनी विचारणं स्वाभाविक आहे. पहिली काही वर्षं कंत्राटी नोकरीत, अकरा महिन्यांच्या आदेशावर जाऊ शकतात, हे आधीच सांगून टाका. लग्न ठरताना तर नक्कीच सांगा. पीएचडीचा काळ घरावर ओझं होतो. त्या काळात एखाद्या सर्वेक्षणात अर्धवेळ काम किंवा नर्सिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं यांनी घरही चालतं आणि हातही तयार होतो.

आता नेतृत्वाबद्दल. या विषयात विभागप्रमुख होणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. महाविद्यालयाला एक नागरी आणि एक ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र चालवावं लागतं. ते चालतं महापालिकेशी किंवा जिल्हा परिषदेशी असलेल्या संबंधावर, औषधांच्या पुरवठ्यावर, आणि विभागाच्या गाडीवर. ड्रायव्हर सुट्टीवर गेला की फील्डही सुट्टीवर जातं. मी एका संस्थेत महिनाभर विद्यार्थ्यांना वर्गातच बसलेलं पाहिलं आहे, कारण डिझेलच्या बिलावर कुणाची सही घ्यायची ते ठरत नव्हतं. ज्यांनी तो महिना 'पार्क' हे पाठ्यपुस्तक वाचण्यात घालवला ते परीक्षेत पास झाले. बिलाच्या मागे लागून तिसऱ्या आठवड्यात गाडी हलवणारी कनिष्ठ सहायक प्राध्यापिका मात्र माझ्या मते त्या दिवशीच विभागप्रमुख झाली होती.

संस्था उभी करण्याचा मोठा नमुना हवा असेल तर सेवाग्रामकडे पाहा. डॉ. सुशीला नायर यांनी स्वतः जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून घेतलं होतं. त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या, आणि 1969 मध्ये त्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथे प्रत्येक तुकडी एक गाव घेते, आणि पहिल्याच वर्षी विद्यार्थी त्या गावात शिबिरासाठी राहायला जातात. मंत्रिपद गेल्यावर नाव विसरतात. ही पद्धत अजून चालू आहे.

आणि भिवंडीचा स्वतःचाही एक नमुना आहे, जरी तो आरोग्याचा नसला तरी. 1984 च्या दंगलीनंतर शहर घाबरलेलं होतं. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यांत शेजारी राहणारे हिंदू-मुसलमान सामान्य लोक होते, आणि वेळापत्रकानुसार ठरलेल्या बैठका होत्या. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षकाने हे प्रकरण अभ्यासावं, असं मला फार वाटतं. साथ आली की सगळे मौलवींना, नगरसेवकांना, मंडळांच्या अध्यक्षांना फोन लावतात. साथ नसताना बैठक घेणारा कुणी नसतो. लसीबद्दलची अफवा रात्रीत पसरते. तिला तोंड देणारा विश्वास तयार व्हायला मात्र चार वर्षं लागतात. विभागाने दर महिन्याला, साथ असो नसो, वस्तीत बैठक घेतली, तर ती विद्यार्थ्यांची कार्यशाळाही होते आणि शहराचं लसीकरणही.

शेवटची, अगदी व्यवहाराची गोष्ट. अभ्यास संपला की निष्कर्ष आधी त्या वस्तीला सांगा, मग परिषदेत. एका पानाचा कागद करा. मागावर काम करणाऱ्या माणसाला तीन पानं वाचायला वेळ नसतो, आणि कारखान्यातल्या आवाजात कुणी वाचून दाखवलं तर ऐकू येणार नाही. मराठी, उर्दू, हिंदी या तीन भाषांत तो छापालच. पद्मशाली विणकरांच्या वस्तीत जाणार असाल तर तेलुगूतही छापा. पण तिथल्या तरुणांना आधी विचारून घ्या, कारण घरात तेलुगू बोलणारी कित्येक मुलं वाचतात मराठीत. कागद भिस्सीत वाटायचा तर पाळी बदलण्याच्या वेळी, जेवणाआधी. जेवणानंतर सगळे झोपतात.